गुणाबाईची टिचकी

"मडकं घेतानी बाई तीन खेप वाजवून पाह्यते. अन् तू येवढं मोठं खोकडं न वाजवताच घरी घेऊन आला?"

"माय, खोकडं नोहे ते, मशीन होय. अन् भैयाजीनं नागपूरले वाजवूनच घेतलं."

"भैयाजीनं जिंदगीभर कापड मोजलं. त्याचा हात मानीन मी. कान काऊन मानू?"

लटारू मशीनकडे वळला. बैलबंडीतल्या भाताच्या तणसीत हात घालून त्याने ते खोकडं असं उचललं, जसा चाकावरून कच्चा रांजण उचलावा. मागून पितळी रंगाचा भोंगा निघाला, मग मोटारीची जड ब्याटरी, मग माईक अन् गाण्यांची पेटी, मग वायरींचं भेंडोळं. गुणाबाई दारातच मडकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने हातातली थापटी थांबवली नाही, पण नजर भोंग्याच्या तोंडावरून हलली नाही. एवढं मोठं तोंड, अन् पोट कुठंच नाही.

साल सत्तावन्नचं असेल. सिंदेवाहीपासून दोन कोसांवर करंजटोला नावाचं दीडशे घरांचं गाव, अन् त्यात कुंभाराचं घर एकच. दादाजी कुंभार, त्याची बायको गुणाबाई, पोरगा लटारू अन् सून वच्छला. दादाजीची मनगटं दोन सालांपासून आखडून गेलेली. बायांनी चाकाला हात लावायचा नाही, हा त्यांच्यात दंडक. माती तुडवायची बायांनी, थापटीने ठोकून मडक्याचं पोट वाढवायचं बायांनी, मडक्यांचा आवा रचायचा, भाजायचा, डोक्यावर टोपलं घेऊन बाजार करायचा, सगळं बायांनी. चाक तेवढं गड्याने फिरवायचं. म्हणून लटारू चाकावरून उठला की घर बसलं, असा सरळ हिशोब होता.

अन् लटारू उठायच्या बेतात होता. सिंदेवाहीला तंबूतला सिनेमा आला तेव्हा दोन महिने तो मशीनवाल्याच्या पायाशी जाऊन बसला होता. वायर कुठं लावायची, ब्याटरीचं पाणी कधी पाहायचं, सगळं शिकून आला. भैयाजी हा चांद्याचा कापडवाला, सिंदेवाहीच्या बाजारात त्याचं दुकान. त्याने हेरलं, की झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडईची जत्रा, गावोगाव बैलांच्या शर्यतीचा पट, गावोगाव नाटक, अन् बोलणारे सगळे गळा फाडून मरतात. त्याने नागपूरहून भोंग्याचा सेट आणला. अट साधी घातली. करंजटोल्याच्या पटात सेट दिवसभर मुका झाला नाही, तर लटारू त्याचा भोंगेवाला, कुरखेड्यापासून पोंभुर्ण्यापर्यंत फिरायचं. मुका झाला, तर सेट संध्याकाळच्या छोट्या रेल्वेगाडीने चांद्याला परत, अन् लटारू चाकावर परत.

कुंभाराचं चाकही दिवाळीपासून होळीपर्यंतच फिरते. उन्हाळ्यात विकायचं मडकं हिवाळ्यात झालं पाहिजे. तेच चार महिने.

गुणाबाईने अट ऐकली तेव्हाही ती मडकं ठोकत होती. ठोका चुकला नाही. मनात म्हणाली, मुकाच होवो.

*

गुणाबाईच्या कानाचं सांगायचं राहिलं. ती पोंभुर्ण्याकडची लेक. बापाचा आवा उघडला की बाप तिला राखेच्या कडेला बसवायचा अन् एकेक मडकं वाजवून पुसायचा, "हे का म्हनते?" पोरीने सांगायचं. बापाचे शब्द तीनच होते, बोलकं, मुकं अन् खोटं. बोलकं मडकं टिचकी लागली की ठण्ण म्हणते, अन् आवाज जरा उभा राहून मग जाते. मुकं ठप म्हणते. ते कच्चं राहिलेलं असते, पण बिचारं लपवत नाही, सरळ सांगून टाकते. भ्यायचं ते खोट्याला. खोटं मडकं काठावर ठण्ण म्हणते, पोटावर ठण्ण म्हणते, अन् बुडाशी केसाएवढी चीर घेऊन बसलेलं असते. घरी नेलं, पाणी भरलं, तिसऱ्या दिवशी चुलीपुढे थारोळं.

म्हणून गुणाबाई तीन जागी टिचकी मारायची, काठावर, पोटावर, बुडाशी. अन् मडकं कधी भुईवर ठेवून वाजवायची नाही, बोटांवर लटकवून वाजवायची. भुईवरचं मडकं भुईचं बोलते, सोताचं नाई, असं तिचं म्हणणं.

एकदा जंगल गार्डाने दुसऱ्या कुंभाराकडून मोठा रांजण नेला अन् जाता जाता थट्टेने तिच्यापुढे ठेवला. "सांग बाई, कसा हाये?" तिने टिचकी मारली अन् म्हणाली, "नेऊन ठेवा साहेब. तिसऱ्या रोजी रडन." तिसऱ्या दिवशी रांजण बुडातून ओला झाला. तेव्हापासून तो खाकीवाला माणूस बाजारात तिला आधी रामराम घालायचा. सिंदेवाहीच्या बाजारात बाया दुसऱ्याकडून घेतलेलं मडकंही तिच्याकडे वाजवायला आणत, अन् ती वाजवूनही देई. दुसऱ्याचं चांगलं असलं तर चांगलं म्हणे. दादाजी चिडायचा. "तू आपला धंदा करून राह्यली का त्याचा?"

"मी तं कानाचा धंदा करून राह्यली," ती म्हणायची.

*

पटाच्या आदल्या दिवशी सकाळी लटारूने अंगणात सेट मांडला. भोंगा मोहाच्या खोडाला बांधला. खटका दाबला, अन् काहीच झालं नाही.

"मेलं का?" गुणाबाईने विचारलं. आवाजात जरा आशा होती.

"तापू दे माय. तापल्याबिगर बोलत नाई ते."

गुणाबाई जरा पुढे सरकली. झाकणाच्या जाळीतून आत काचेच्या बोटभर बाटल्या दिसत होत्या, चार. लटारू त्यांना वाल म्हणायचा. त्यांच्या पोटात तांबूस धग हळूहळू चढत होती, जशी आव्यात पहिल्या रात्री शेणीखालून चढते. तापल्याशिवाय बोलत नाही, ही गोष्ट तिला पटली. मातीचंही तसंच असते.

"वच्छला, तवा दे वं," लटारू म्हणाला.

वच्छला चुलीवरचा भाकरीचा तवा फडक्यात धरून घेऊन आली. लटारू हसत सुटला. गाण्याच्या काळ्या तबकडीलाही तवा म्हणतात, हे सिनेमावाल्यांनी त्याला शिकवलं, त्याच्या बायकोला कोण शिकवणार. "हा नोहे, तो पेटीतला." वच्छला लाजून आत गेली ती भोंगा वाजेपर्यंत बाहेर आली नाही.

भोंगा वाजला. कोण्या बाईचं गाणं होतं. अंगणातल्या कोंबड्या परसात पळाल्या, गोठ्यातला बैल उभा झाला, अन् शेजारचा मुखरू जेवणाच्या ताटावरून हात न धुता येऊन उभा राहिला. गुणाबाई मात्र भोंग्याकडे पाहत नव्हती. ती मागे वळून भिंतीकडे पाहत होती.

भिंतीशी तिची उतरंड होती, मडक्यांची, रांजणांची, शंभर-सव्वाशे. गाणाऱ्या बाईने एक सूर लांबवला, तसा त्या रांगेतून कोणीतरी हुंकार दिला. गाणं खाली उतरलं, हुंकार थांबला. सूर परत चढला, परत हुंकार. गुणाबाई उठून गेली. दुसऱ्या ओळीतल्या थोरल्या रांजणावर तिने तळवा ठेवला. रांजणाचं पोट थरथरत होतं, गाभण गाईच्या कुशीवर हात ठेवावा तसं. तीस सालं ती मडक्यांना बोलवत आली होती, टिचकी मारून, एकेकाला. हा भोंगा लांबून बोलत होता, अन् तिची मडकी त्याला ओ देत होती.

तिने हात काढला नाही. गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

"अजून एक लाव," म्हणाली.

लटारूने लावला. या खेपेला ती एकेका मडक्याला कान लावत ओळीने चालली. लहान मडकी उंच सुराला बोलत होती, मोठी खालच्या सुराला. मधेच एक मडकं चिर्र करून उठलं. गुणाबाई थबकली. ते मडकं तिने काल वाजवलं होतं, तिन्ही जागी, अन् बोलक्यांत ठेवलं होतं. आता ते सुरासुराला चिरचिरत होतं. तिने ते उचललं, उजेडाला धरलं, बोट ओलं करून बुडाशी फिरवलं. पाणी एका जागी रेघेसारखं आत जिरलं.

चीर होती. तिच्या टिचकीला सापडली नव्हती, भोंग्याला सापडली.

ते मडकं तिने कोंबड्यांच्या दाण्याला ठेवून दिलं. मग पदर खोचून म्हणाली, "तू वाजवत राह्य. गानं नोको लावू. नावं घे. मी बोडीवर जाऊन आयकीन."

बोडीच्या, म्हणजे गावाबाहेरच्या तळ्याच्या, पाळीवरून ती परत आली तेव्हा लटारूने गावातल्या सगळ्या माणसांची नावं घेऊन संपवली होती अन् आता बैलांची घेत होता.

"आवाज येते," ती म्हणाली. "पन पोट नाई त्याले. नुसतं नाक हाये. गानं आलं का सगरं झाकून जाते, बोललं का उघडं पडते. भोंगा वर बांध. आता तं खोडाच्या आडून बोलून राह्यला तो. अन् आज रिकाम्या गावात वाजला म्हनून फुगू नोको. उद्या मानसं येतीन. कोरं मडकं पानी पिते, तसे मानसं आवाज पितात."

"मंग चांगलं हाये का नाई, ते सांग ना."

"बंडीत बसून पटावर जाऊ दे. हादरं खाऊ दे. मंग सांगीन."

लटारूला वाटलं, माय टाळून राहिली आहे. खरंही होतं.

*

पटाच्या दिवशी मैदानावर तीन-चार हजार माणूस. तणसीवर बसलेलं, बंड्यांवर उभं, मोहाच्या फांद्यांवर चढलेलं. मधून धावपट्टी, एका टोकाला मचाण, मचाणावर लटारू, मशीन अन् गादीवर भैयाजी. मचाणापासून शंभर पावलांवर गुणाबाईचं दुकान, म्हणजे तणस पसरून त्यावर मांडलेली मडकी.

सुरू व्हायच्या आधी देवाजी पाटील मचाणावर चढले. पटाचे कर्ते तेच. गावात पहिल्यांदा आलेली वस्तू पूजेविना कशी चालवायची? त्यांनी लटारूला झाकण उघडायला लावलं, आतले तांबूस दिवे पाहून स्वतःच हात जोडले, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. नारळाचं पाणी तेवढं लटारूने हात आडवा घालून अडवलं. मग खटका बंद करून त्याने कुंकू लागलेला एक वाल उपसला, धोतराने पुसला अन् परत बसवला. ही वेळ साधारण नवाची.

भोंगा बोलू लागला. "पह्यली जोडी, कोलू मडावीची." नाव मैदानाच्या पार टोकाला पोचलं. तिथली माणसं मान वर करून आभाळात पाहू लागली, कारण बोलणारा दिसत नव्हता अन् बोल कानाशी होता. एक म्हातारी हात जोडून उभी होती ती तशीच राहिली.

गुणाबाई मडकं वाजवत होती. दुसऱ्याच जोडीला तिचा हात थांबला. लटारूच्या आवाजाखाली काहीतरी होतं. किर्र, अगदी बारीक. तांदळाच्या सुपात एक वाळूचा दाणा असावा तसं. आजूबाजूला कोणालाच ते ऐकू येत नव्हतं. काल अंगणात ते नव्हतं, हे ती सूर्याची शपथ घेऊन सांगू शकली असती.

तिने मचाणाकडे पाहिलं. उठून सांगितलं असतं तर शंभर पावलं. ती उठली नाही. पुढच्या बाईला मडकं दिलं, मागच्या बाईला दिलं.

दहा वाजता किर्रचं कर्र झालं. अकराला सगळ्यांनाच ऐकू येऊ लागलं. दुपारच्या तापात तर भोंगा मधेच बोल गिळायला लागला. "...ची जोडी पह्यली आली," एवढंच ऐकू आलं, अन् दोन्ही जोड्यांचे मालक आपापल्या बैलांना मिठ्या मारून नाचू लागले. मग दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. देवाजी पाटलांना धावपट्टीत उतरावं लागलं.

"तुह्या पोराच्या भोंग्याले खोकला झाला वाटते, गुणाबाई," नीलाबाई तेलीण म्हणाली. ती पाण्याचं मडकं घ्यायला आली होती.

"मशीनच होय. मानूस नाई का खोकलत?"

"नाई, म्या म्हनली कुंभाराच्या घरचं हाये तं वाजवून आनलं असन."

गुणाबाईने ऐकून घेतलं. एक मडकं बोटांवर लटकवलं, काठाशी टिचकी मारली. भोंगा खर्र झाला. तिने परत मारली, पोटावर. खर्र कानातच राहिलं होतं. बुडाशी मारली. ठण्ण होतं का ठप होतं, तिला कळलं नाही. चौथ्यांदा मारली.

नीलाबाई पाहत राहिली. "का झालं वं?"

"थांब जराशी."

तिने दुसरं मडकं घेतलं. वाजवलं. तेही कळलं नाही. सकाळपासून खोटा आवाज कानात ओतला जात होता अन् कान आता खऱ्यालाही ओळखेना.  बापाने दिलेली हीच एक वस्तू तिच्याजवळ होती, बाकी सगळं सासरचं. तिने मडकं खाली ठेवलं, पदर कमरेला घट्ट केला अन् नीलाबाईला म्हणाली, "बस इथी. कोनाले काई देऊ नोको. मले आयकू नाई येऊन राह्यलं, मी देनार नाई."

अन् शंभर पावलं चालून गेली.

*

मचाणावर भैयाजी लटारूला झाडत होता. "मातीचा हात आहे तुझा, मशीनला लावून खराब केला. संध्याकाळच्या गाडीनं नेतो मी." लटारू घामाने भिजलेला, झाकण उघडून नुसता पाहत होता. काय झालं ते त्याला कळत नव्हतं, अन् त्या सिनेमावाल्याने एवढं शिकवलं नव्हतं.

गुणाबाई शिडी चढून वर आली.

"बाई, खाली उतर. करंट लागेल," भैयाजी म्हणाला.

"सकारपासून लागूनच राह्यला," ती म्हणाली. "लटारू, चालू ठेव. अन् तू बोलू नोको."

भैयाजी काही म्हणणार तोच खालून देवाजी पाटील बोलले, "वाजवू द्या तिले, भैयाजी. तुमच्या नागपूरवाल्यापेक्षा तिचा कान जुना हाये."

ती मशीनपुढे उकिडवी बसली. चार वाल. दोन थोर, दोन लहान. चारही लाल. आव्याच्या फटीतून ती हाच रंग पाहत आली होती, पण तिथं तो धुरात असे. इथं काचेत नितळ होता, जसा कोणी इस्तव धुऊन ठेवला. तिने हात जवळ नेला. धग नखाला लागली. भाजायची तिला सवय होती.

पहिल्या थोर वालाला तिने टिचकी मारली. भोंग्यातून नुसतं ठप आलं. दुसऱ्यालाही तसंच ठप; दोन्ही सारखे, म्हणजे थोरांचा स्वभावच तो. मग लहान होता त्याच्या काचेला नख लागलं, अन् आभाळातून ठण्ण झालं.

सगळं मैदान थांबलं. धावपट्टीच्या टोकावरच्या बैलांनी कान टवकारले. झाडावरची माणसं खाली पाहू लागली. गुणाबाईने स्वतःच दचकून हात मागे घेतला. तिच्या नखाचा आवाज होता तो. जो आवाज तिच्या अन् एखाद्या गिऱ्हाइकाच्या मधे, हातभर अंतरात जन्मून मरत आला, तो मोहाच्या झाडांवरून बोडीच्या पार जाऊन परत आला होता. एवढा मोठा, अन् तरी तिचाच. तिने परत मारली. ठण्ण. तीन-चार हजार माणसांनी ऐकलं. 

"हा बोलका हाये," ती हळूच म्हणाली, अन् तेही भोंग्यातून गेलं, कारण माईक उघडाच होता.

चौथ्या वालाला नख लावलं. खर्र, मग तुटलं, मग खर्र.

"हा."

"फुटला का माय?" लटारूने विचारलं.

तिने कान जवळ नेऊन अगदी हलकी टिचकी मारली. परत एक, जरा खाली. "नाई. फुटलेलं असं नाई म्हनत. हा बसला नाई. खड्यावर ठेवलेलं मडकं असंच बोलते. याच्या बुडाखाली काईतरी हाये. काढ."

लटारूने खटका बंद केला. लाल रंग काचेतून हळूहळू उतरला. फडक्याने धरून त्याने वाल उपसला, भोकांच्या जागी डोळा लावला, अन् मचाणाखाली उभ्या वच्छलाच्या अंबाड्यातला आकडा मागवला. आकड्याच्या टोकावर एक पिवळा दाणा निघाला. हळद लागलेला तांदूळ. अक्षत.

खालच्या माणसांना आधी कळलं नाही. मग मुखरू ओरडून म्हणाला, "पाटलाचा आशीर्वाद अडकला होता बापा," अन् हसू मैदानभर फुटत गेलं. देवाजी पाटील स्वतःही हसले, पण जरा उशिरा.

वाल बसला. खटका लागला. काचा परत लाल झाल्या. मग लटारू बोलला, "देवाजी पाटलाच्या परवानगीनं पुढची जोडी," अन् त्या आवाजाखाली काहीच नव्हतं. गुणाबाईने डोळे मिटून घेतले. स्वच्छ, जसं नदीचं पाणी मडक्यात थांबून खाली बसावं.

तिला वाटलं, आपलं काम झालं. ती शिडीकडे वळली.

"थांब बाई," भैयाजी उठून उभा राहिला. सकाळपासून गादीवरून तो पहिल्यांदा उठला होता. "एक सांगून जा. दाणा तर निघाला. पण हा सेट चार महिने बंडीत आपटत फिरवायचा आहे. टिकणार का? तू हो म्हणशील तर इथंच सोडतो. नाही म्हणशील तर आज नेतो."

लटारू माईकपासून दूर सरकला. त्याने मायकडे पाहिलं नाही, वायर गुंडाळत बसला, जी गुंडाळायची काही गरज नव्हती.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. कोणी ताडून पाहू शकलं नसतं. त्या मचाणावर तिच्या कानावर कान नव्हता. संध्याकाळी सेट गाडीत गेला असता अन् उद्या सकाळी चाक फिरलं असतं. दादाजीच्या आखडलेल्या मनगटांकडे पाहायला लागलं नसतं.

"माईक उघडा ठेव," ती म्हणाली. "अन् कोनी बोलू नका."

ती खाली उतरली. मशीनकडे पाठ करून धावपट्टीच्या कडेने चालत गेली, पन्नास पावलं, शंभर, दोनशे. थांबली. पाठ तशीच. देवाजी पाटलांनी हात वर केला अन् गर्दी चूप झाली.

भोंगा उघडा होता अन् त्यात कोणी बोलत नव्हतं. मग हळूहळू ऐकू येऊ लागलं. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. कोणाचं तरी लेकरू कुरकुरलं. तणस खसखसली. वारा माईकवरून गेला. तीन-चार हजार माणसांचा श्वास वरून, भोंग्यातून, त्यांच्याच अंगावर परत येत होता. देवळातही लोक असे गप्प उभे राहत नसतील. आपण एवढे आहोत अन् आपला असा आवाज आहे, हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

गुणाबाई त्या सगळ्याच्या खालचं ऐकत होती. मशीनची स्वतःची घरघर. ती एकसारखी होती. मांजर झोपेत करते तशी. कुठं चढ नाही, कुठं तूट नाही. ती खूप वेळ उभी राहिली. काही सापडतं का ते पाहत होती. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

सापडलं नाही.

ती परत आली अन् मचाणाच्या खालूनच म्हणाली, "पोट नाई त्याले. ते काई येनार नाई. पन मुका नाई अन् खोटा नाई. टिकन."

भैयाजीने मान डोलावली. लटारूने वायर खाली ठेवली.

*

पुढे सात-आठ सालं झाडीत कोणी भोंग्याचा सेट घेतला की आधी करंजटोल्याला गुणाबाईच्या अंगणात येई. कुरखेड्याची नाटकवाली मंडळी आली, पोंभुर्ण्याचे मंडईवाले आले. ती गाणं लावू देत नसे. गाण्यात चोर लपते, म्हणायची. आधी सेट बंडीत घालून धानाच्या बांध्यांच्या पाळींवरून फिरवून आणायला लावायची, मग घटकाभर नुसता उघडा ठेवून त्याचं गप्प बसणं ऐकायची. मग काचांना टिचक्या. झाकणाखाली अक्षता टाकू नका, हे सगळ्यांना सांगायची, अन् टाकणारे टाकतच राहिले. एकदा एका मोठ्या चकचकीत सेटला तिने ऐकताक्षणी खोटा म्हटलं. त्याचा मालक चिडून गेला. तो सेट तिसऱ्या खेळात मुका झाला. लटारू त्या सालापासून भोंगेवालाच राहिला. करंजटोल्याचं चाक त्या हिवाळ्यात फिरलं नाही. तिने हातांनी चुली थापल्या, धानाच्या कोठ्या थापल्या, ज्यांना चाक लागत नाही. त्यातल्या काही अजूनही कोणाकोणाच्या घरात उभ्या आहेत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पट अजून चालू होता, ऊन उतरायला लागलं होतं. लटारू मचाणावरून खाली उतरून तिच्या मागोमाग आला.

"माय, चाकाचं का करायचं मंग?"

"तू जा आपल्या भोंग्याजवर. जोड्या खोळंबल्या. होरी झाली का घरी येजो." तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. "अन् कुंकवानं भरलेल्या हातानं त्याले हात लावू नोको."

तो गेला. तणसीवर नीलाबाई अजून बसूनच होती, अन् तिच्यामागे चार-पाच बाया जमल्या होत्या. कोणी हसत नव्हतं. गुणाबाई आपल्या जागी बसली, पाय पोटाशी घेतले, बोटांना लागलेली धूळ पदराला पुसली.

"पान्याले पाह्यजे का तांदूर ठेवाले?"

"पान्याले," नीलाबाई म्हणाली.

तिने मागच्या रांगेतलं एक मडकं ओढलं, आत हात घालून तणसीची काडी काढून टाकली, बोटांवर लटकवलं अन् काठाशी टिचकी मारली.